देवाच्या पायाशी असलेलं खोड

रोमन शिल्पकारांनी ग्रीक देवांच्या नुसत्या नकला केल्या, हे नेहमी ऐकू येणारं मत मला पटत नाही. व्हॅटिकनमधला ‘बेल्व्हेदरचा अपोलो’ हा ग्रीक देव अपोलोचा पुतळा घ्या. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला हा संगमरवरी पुतळा इसवी सनपूर्व चौथ्या शतकातल्या ग्रीक कांस्यमूर्तीवरून केला असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या उजव्या पायाला टेकून एक झाडाचं खोड आहे. कांस्यमूर्ती आतून पोकळ आणि धातू चिवट, त्यामुळे ती दोन पायांवर आरामात उभी राहते. संगमरवर मात्र जड आणि ठिसूळ. आधार दिला नाही तर घोट्यातच मोडायचा. मग ते खोड नुसता टेकू म्हणून न ठेवता शिल्पकाराने त्यावर साप चढवला. अपोलोने मारलेल्या पायथन या राक्षसी सापाची आठवण म्हणूनच ना! अडचणीतून कथा काढणाऱ्याला नक्कलबहाद्दर कसं म्हणायचं?

मापं हुबेहूब घेतली जात, हेही खरंच. नेपल्सजवळच्या बाइआ इथे 1954 साली ग्रीक कांस्यमूर्तींवरून घेतलेल्या प्लास्टरच्या साच्यांचे तुकडे सापडले. मूळ कांस्य बहुतेक पुढे वितळवलं गेलं. ग्रीक शिल्पकार प्रॅक्सिटेलीसने घडवलेली क्निडॉस शहरातली प्रेमदेवता अफ्रोडाइटी संगमरवरी होती, पण तीही हरवली; आज आपण तिला ओळखतो ते अशा रोमन प्रतींमुळेच.

आणि जेनसचं काय? त्या दोन तोंडांच्या देवाला ग्रीकांकडे जोडच नव्हती. त्याचा चेहरा रोमनांनी नाण्यांवर स्वतःच घडवला.