निर्माल्य ओल्या कचऱ्याच्या कप्प्यात टाकायचं का?

सुदामानगरची सून, इंदूर

आमच्या घरात सध्या दोन पक्ष आहेत, पिशवीवाले आणि गाडीवाले. पिशवीवाल्या म्हणजे माझ्या सासूबाई. रोजचं निर्माल्य त्या बाल्कनीतल्या खिळ्याला टांगलेल्या कापडी पिशवीत जमवतात. सासरे होते तोवर अमावास्येला खेडीघाटला जाऊन ते नर्मदेत सोडून यायचे. आता तेही नाहीत आणि तेवढा वेळही कुणाला नाही. एरवी चार शेवंतीची फुलं नि दुर्वांची जुडी, निभून जातं. पण श्रावण लागला की सोमवारचा बेल, मंगळागौरीची पत्री, मागोमाग हरतालिका, गणपती. पिशवी फुगते, खालून पाणी ठिबकतं आणि चिलटं थेट स्वयंपाकघरात.

गाडीवाले म्हणजे मी आणि माझा मुलगा. सकाळी कचऱ्याची पिवळी गाडी गाणं वाजवत दारात येते, तिला ओल्याचा वेगळा कप्पा आहे, फुलं कुजणारीच आहेत, मग अडलंय कुठं? आईंचं म्हणणं एकच: "त्या कप्प्यात गल्लीभराचं उष्टं-खरकटं असतं. देवाच्या अंगावरचं फूल माशाच्या काट्यांवर टाकू?" यावर मला उत्तर सुचत नाही. खरं सांगायचं तर ते मलाही बघवत नाही. मुलगा म्हणतो, "आजी, ओल्या कचऱ्याचा गॅस होतो, तुझ्या फुलांवर सिटी बस चालते." त्यावर आई म्हणाल्या, "चालू दे. माझ्या बाळकृष्णाला बसमध्ये बसवू नकोस."

कान्ह नदीत टाकायचा प्रश्नच नाही. सोसायटीत मोकळी जमीन नाही, गच्चीवर कुंड्या आहेत. तुम्ही लोक काय करता? शास्त्र माहीत असेल त्यांनी शास्त्रही सांगा, फक्त रागावू नका.

रामबागकर

पूजेच्या पोथीतच बघा. पंचामृतस्नान आणि पूर्वपूजा झाली की "उत्तरे निर्माल्यं विसृज्य" असं येतं. वाहिलेलं फूल उचलायचं, हुंगायचं, उत्तरेला ठेवायचं आणि अभिषेकाला लागायचं. नदीचं नावही तिथं नाही. पाळायचं ते एवढंच, की पायदळी येऊ नये. नदी ही लोकांची सोय होती. फुलं परसातली, दोरा सुताचा, पाणी वाहतं, कुणाचं काही बिघडत नव्हतं.

शिवाय सगळंच रोज काढून टाकावं लागत नाही. बेल धुऊन पुन्हा वाहता येतो, तुळस शिळी मानत नाहीत. श्रावणातली पिशवी तिथंच निम्मी होईल. (आमच्या वडिलांना मात्र हे कधी पटलं नाही. रोज ताजा बेल तोडून आणायचे, झाडाचा मालक खिडकीतून ओरडत असायचा.)

गच्चीवरची माती

मडकं घ्या. तळाला भोकं पाडा, त्यावर नारळाची शेंडी आणि सुकी पानं पसरा. फुलं दोऱ्यातून सोडवून, कुंकू-अष्टगंध झटकून, चुरगळून टाका. चुरगळणं महत्त्वाचं: अख्खा झेंडू वरून वाळलेला दिसतो, उघडून पाहिला तर आत देठापाशी गच्च ओला असतो, आणि वास तिथूनच सुटतो. दुर्वांच्या जुड्या कात्रीने बारीक करा, नाहीतर त्या तशाच्या तशा निघतात. वरून थोडं आंबट ताक शिंपडा, मूठभर माती टाका. वास आला तर पाणी जास्त झालंय असं समजा आणि सुकी पानं वाढवा. चिलटांना कोरड्या मातीचा थर पुरतो. पंचामृत मात्र ओतू नका, मध-साखरेला मुंग्या लागतात.

आमच्या आईंनीही आधी नाक मुरडलं होतं. मग एके दिवशी त्यांनीच मडक्यावर स्वस्तिक काढलं, हळदकुंकू लावलं आणि विरोध मावळला. तयार झालेलं खत जास्वंदीला घालते.

पोहेजिलेबी

ताई, आजींना एवढंच विचारा की ती गाडी जाते कुठं. देवगुराडियाला! शिवरात्रीला आपण ज्या महादेवाला जातो, त्याच्याच शेजारी ट्रेंचिंग ग्राउंड, म्हणजे गावाचा कचरा नेतात ती जागा आहे. 19 फेब्रुवारी 2022 ला तिथं बायो-सीएनजीचा प्रकल्प सुरू झाला. रोज 550 टन ओला कचरा घ्यायची त्याची क्षमता आहे, त्यातून 17 हजार किलो गॅस निघतो. पूर्वी त्या रस्त्याने दर्शनाला जायचं तर नाकाला रुमाल लावून जावं लागायचं, कचऱ्याचे डोंगर होते. 2017 पासून आपलं गाव स्वच्छतेत पहिला नंबर मिरवतंय ते हे कप्पे वेगळे झाले म्हणूनच. तेव्हा बाळकृष्ण बसमध्ये बसत नाही, महादेवाच्या शेजारी जातो असं सांगा.

एक मात्र नक्की पाळा. गजऱ्याचा नायलॉनचा दोरा, उदबत्तीची पुडी, जरीची जुनी वस्त्रं ओल्यात टाकू नका, ती कोरड्यात.

महेश्वरची माहेरवाशीण

महादेवाचा शेजार ठीक आहे हो, पण आजींचा मुद्दा उष्ट्याचा आहे आणि तो तुमच्या टनांनी आणि किलोंनी सुटत नाही. ज्या हातांनी आयुष्यभर सोवळ्यातला नैवेद्य वेगळा काढला, त्यांनी फुलं खरकट्यात टाकायची? मला तरी त्यांचं म्हणणं हट्टाचं वाटत नाही. खजराण्याच्या गणपतीच्या फुलांचंही देवळात वेगळं खत करतात.

आमच्या महेश्वरला अहिल्याबाईंच्या वाड्यात रोज मातीची शिवलिंगं करून पूजतात आणि मग नर्मदेत सोडतात. ती माती असते म्हणून चालतं. प्लास्टिकच्या पिशवीसकट झेंडू घाटावरून भिरकावणाऱ्यांना हे कोण सांगणार?

आणि आजींना नर्मदाच हवी असेल तर ती तुमच्या नळालाच येते की! 1978 पासून इंदूरला नर्मदाकाठच्या जलूदहून पाणी वर चढवून आणतात. मडक्यात तेच शिंपडा.

सुदामानगरची सून

नळाची नर्मदा आईंना पटली. जलूदचं नाव काढल्याबरोबर त्या पाणी येण्याआधीच्या हंडे-घागरींच्या गोष्टी सांगत बसल्या, भाजीला फोडणी द्यायची राहिली. मडकं यायचंय. अटी दोन: मडकं गच्चीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात ठेवायचं (रामबागकर, हे तुमच्यामुळे) आणि त्यात कांद्याचं साल पडता कामा नये. जरीच्या वस्त्रांवर अजून बोलणी चालू आहेत.

आता पुढचं. कपाटात लग्नपत्रिकांचा हा एवढा गठ्ठा आहे, प्रत्येकीवर गणपती. जुन्या कॅलेंडरांवर बालाजी आहेत ते निराळेच. त्यांचं काय?

रामबागकर

पत्रिकांचा वेगळा धागा काढा. तिथं भांडणं होतील.