शेजारच्या कुत्र्याची हेळसांड होत आहे, पण तक्रार कोणीच घेत नाही

चौथा मजला (प्रश्न)

नमस्कार. मी मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका गृहनिर्माण सोसायटीत राहते. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरील एका घरामागे भिंतीने बंदिस्त केलेली लहानशी मोकळी जागा आहे आणि तिथे त्या कुटुंबाचा ब्रुनो नावाचा लॅब्रॉडॉर बांधलेला असतो. घरातील आजोबा हयात होते तोवर ते त्याला नेमाने सकाळ-संध्याकाळ फिरायला नेत असत. त्यांच्या निधनानंतर मुलगा आणि सून दोघेही नोकरीसाठी दिवसभर बाहेर राहू लागल्याने कुत्र्याची रवानगी मागच्या जागेत झाली आणि हळूहळू त्याला मोकळे सोडणे पूर्णपणे बंद झाले.

आज त्याची साखळी जेमतेम दोन हात लांबीची आहे, त्यामुळे जिथे तो बसतो तिथेच त्याचे मलमूत्र साचते. डोक्यावर अर्धवट पत्रा असल्याने पावसाचे आणि वरच्या घरांतील एसीचे पाणी त्याच्या अंगावर पडत राहते. भांड्यातील पाणी शेवाळलेले असते, खायला बहुधा शिळी पोळी किंवा पाव मिळतो आणि काही दिवशी तेही मिळत नाही. बरगड्या आणि कमरेची हाडे लांबूनही दिसतात, कानांच्या कडांना गोचिडी लागलेल्या आहेत आणि गळ्यातील पट्ट्याखाली जखम झाली आहे. पूर्वी माणूस दिसताच तो उठून उभा राहत असे, आता मानही क्वचित उचलतो.

मी त्या घरातील सूनबाईंशी नम्रपणे बोलले, तेव्हा ‘आमच्या घरातल्या गोष्टीत लक्ष घालू नका’ असे उत्तर मिळाले. सोसायटीच्या सचिवांनी ही खासगी बाब असल्याचे सांगितले. पोलिस ठाण्यात ‘हा गुन्ह्याचा विषय होत नाही’ असे सांगून माझा अर्ज परत दिला गेला. मदत क्रमांकावर कुत्रा भटका नसल्याने काही करता येणार नाही असे कळले आणि एका प्राणीसंस्थेने मालकाच्या संमतीशिवाय त्याला हलवण्यास असमर्थता दर्शवली.

कायद्यात पाळीव प्राण्याच्या उपासमारीविषयी खरोखरच काही तरतूद नाही का? काही शेजारी त्याला रात्री गुपचूप सोडवून न्यावे असे सुचवत आहेत, ते योग्य ठरेल का? आणि तोवर जाळीतून मी त्याला खायला द्यावे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

काळा कोट

कुत्र्याला रात्री सोडवून नेण्याच्या शेजाऱ्यांच्या सूचनेपासून आरंभ करतो, कारण तिच्यात धोका आहे. कुत्रा कायद्याच्या दृष्टीने मालकाची जंगम मालमत्ता आहे. हेतू कितीही चांगला असला तरी त्याला परस्पर उचलून नेल्यास चोरीची आणि आवारात शिरल्याबद्दल अतिक्रमणाची तक्रार तुमच्यावरच होऊ शकते. तसे झाल्यास पोलिस कुत्रा मालकाच्याच स्वाधीन करतील आणि पुढे तुमच्या शब्दाला वजन राहणार नाही.

आता तरतुदींविषयी. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा तुमच्या प्रश्नाला थेट लागू होतो. कलम ३ नुसार प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या कल्याणाची सर्व वाजवी काळजी घेणे बंधनकारक आहे. कलम ११(१) मधील पोटकलमे तर जणू ब्रुनोकडे पाहूनच लिहिली आहेत असे वाटावे: अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, सतत बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे, आणि मालक असून पुरेसे अन्न, पाणी किंवा निवारा न पुरवणे हे तिन्ही तिथे स्वतंत्रपणे गुन्हे ठरवले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूविषयीच्या २०१४ च्या नागराज निकालात कलम ३ आणि ११ यांचा अर्थ लावताना भूक, तहान, वेदना आणि भय यांपासूनची मुक्तता हा प्राण्यांच्या हक्कांचा भाग मानला आहे. तेव्हा ‘हा गुन्ह्याचा विषय होत नाही’ हे विधान चुकीचे आहे.

तरीही त्या विधानामागे एक खरी अडचण आहे. हे तिन्ही गुन्हे अदखलपात्र आहेत आणि पहिल्यांदा केलेल्या गुन्ह्याला आजही १० ते ५० रुपये इतकाच दंड आहे, ही माझ्या मते या कायद्याची सर्वांत मोठी लाजिरवाणी बाजू आहे. अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. परंतु भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ नुसार अशा माहितीचा सारांश नोंदवहीत घेणे आणि माहिती देणाऱ्यास दंडाधिकाऱ्यांकडे जाण्यास सांगणे हे ठाण्याच्या अधिकाऱ्याचे कर्तव्यच आहे. ‘तपास करता येत नाही’ आणि ‘अर्ज घेता येत नाही’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवून तिची प्रत मागावी.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे याच प्राणी कायद्याचे कलम ३४, ज्याची आठवण पोलिसांनाही करून द्यावी लागते. या कायद्याखालील कोणताही गुन्हा घडत असल्याचे मानण्यास कारण असेल, तर शिपायाच्या वरच्या दर्जाचा कोणताही पोलिस अधिकारी परिस्थितीनुसार तो प्राणी ताब्यात घेऊन तपासणीसाठी दंडाधिकारी किंवा विहित पशुवैद्यकीय अधिकारी यांच्यापुढे हजर करू शकतो. यात दखलपात्र-अदखलपात्र असा भेद केलेला नाही. कलम ३३ नुसार लेखी माहिती मिळाल्यावर दंडाधिकारी किंवा पोलिस आयुक्त त्या जागेत प्रवेश आणि झडतीची परवानगी देऊ शकतात, म्हणजे ‘घरात शिरता येत नाही’ या अडचणीचे उत्तरही कायद्यातच आहे. म्हणून तुमच्या अर्जात दंडाची मागणी दुय्यम ठेवून ‘कलम ३४ नुसार कुत्र्याची तातडीने पशुवैद्यकीय तपासणी करावी’ ही मागणी पहिल्या परिच्छेदात लिहावी.

ठाण्याने तरीही हालचाल केली नाही, तर तुमच्या हद्दीच्या फौजदारी न्यायालयात खासगी तक्रार करता येते. आपल्याच राज्याचे माजी मुख्यमंत्री अंतुले यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली स्पष्ट केले होते की, कायद्याने वेगळे बंधन घातलेले नसेल तर फौजदारी प्रक्रिया कोणताही नागरिक सुरू करू शकतो, त्यासाठी तो स्वतः पीडित असणे आवश्यक नाही. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्राणी कायद्याच्या कलम ३६ नुसार गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आतच कारवाई सुरू करता येते, म्हणून छायाचित्रे आणि नोंदी ताज्या असाव्यात. शिवाय नव्या संहितेच्या कलम २२३ मुळे दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, त्यामुळे मालकाला सुगावा लागून कुत्रा दूर कुठेतरी सोडला जाण्याची भीती असते. हे होऊ नये यासाठीच तपासणीची मागणी आधी करावी. प्राणी ताब्यात घेतला गेला, तर खटला चालू असताना त्याला कुठे ठेवायचे आणि खर्च कोणी करायचा यासाठी २०१७ चे स्वतंत्र नियम आहेत.

चित्रफिती मूळ फोनमध्ये जशाच्या तशा ठेवाव्यात. व्हॉट्सॲपवरून फिरलेली प्रत पुरावा म्हणून कमकुवत ठरते, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रासाठी मूळ फाइल लागते.

श्वानवैद्य

कायद्याचे वर आले आहे, मी फक्त प्रकृतीविषयी लिहितो, कारण तुमच्या वर्णनावरून वेळ फार कमी आहे असे मला वाटते.

मान न उचलणारा, हाडे दिसणारा आणि गोचिडी लागलेला कुत्रा केवळ उदास आहे असे समजू नये. गोचिडींमुळे होणाऱ्या तापात रक्तातील पेशी नष्ट होतात आणि जनावर आतून रक्तहीन होत जाते. जवळून पाहता आले तर त्याच्या हिरड्यांचा रंग पाहावा: गुलाबी हिरड्या पांढरट झाल्या असतील तर ती तातडीची अवस्था आहे. पट्ट्याखालील जखमेची मला अधिक काळजी वाटते. पावसाळ्यात उघड्या, ओल्या जखमेवर माशी बसली की एक-दोन दिवसांत अळ्या पडतात आणि त्या मांस पोखरत आत जातात. जखमेतून दुर्गंधी येऊ लागली किंवा तो सतत मान झटकू लागला, तर त्याच दिवशी उपचार मिळायला हवेत आणि हे वाक्य माझ्यासारख्याच एखाद्या डॉक्टरकडून लेखी घेऊन अर्जाला जोडावे.

अन्नाविषयी: पाणी अवश्य द्यावे, रोज स्वच्छ द्यावे. उपाशी राहिलेल्या जनावराला एकदम पोटभर खाऊ घालू नये, कारण त्याने शरीरातील क्षारांचा तोल बिघडून ते दगावू शकते. हळद-मीठ-मसाला न घातलेला मऊ भात आणि उकडलेले अंडे किंवा चिकन अगदी थोड्या प्रमाणात, दिवसातून अनेकदा द्यावे. कांदा, लसूण, चॉकलेट आणि द्राक्षे कटाक्षाने टाळावीत. जाळीतून हात आत घालू नये. वेदनेत असलेला आणि दीर्घकाळ बांधलेला कुत्रा ओळखीच्या माणसालाही चावू शकतो, आणि त्याचे रेबीजचे लसीकरण चालू आहे की नाही हे आपल्याला माहीत नाही. गोचिडीची औषधे स्वतःच्या मनाने देऊ नयेत, अशक्त कुत्र्याला त्यांतील काही औषधे बाधतात.

सोसायटीला हा विषय खासगी वाटत असेल तर त्यांना लेप्टोविषयी सांगावे. साचलेली घाण आणि शिळे अन्न यांमुळे उंदीर येतात, उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, तो कुत्र्याला होतो आणि माणसालाही होतो. जुलै २००५ च्या पुरानंतर या रोगाने मुंबईत काय केले ते जुन्या रहिवाशांच्या स्मरणात असेल.

पाऊलखुणा

मी प्राण्यांच्या सुटकेचे काम करणाऱ्या गटात आहे. वकीलसाहेबांनी सांगितलेला मार्ग अवश्य धरावा, पण त्याच्या जोडीला मालकाशी बोलण्याचा दुसरा मार्ग सोडू नये, कारण आमच्या अनुभवात बहुतेक कुत्रे मालकाने स्वतः सही करून दिल्यामुळेच लवकर सुटले आहेत.

तुम्ही लिहिलेल्या हकिकतीत एक धागा आहे: तो कुत्रा आजोबांचा होता. घरातील माणसांना तो नको आहे, पण ‘वडिलांचा कुत्रा दिला’ हे म्हणवून घेणेही नको आहे. अशा वेळी ‘तुम्ही क्रूर आहात’ असे ऐकवले की दार कायमचे बंद होते. तुम्ही स्वतः पुन्हा जाऊ नये. आजोबांच्या ओळखीच्या, वयाने मोठ्या अशा एखाद्या काकांना किंवा मावशींना पाठवावे, आणि त्यांनी ‘तुम्हा दोघांची धावपळ आम्हाला दिसते, याला आम्ही डॉक्टरकडे नेऊन आणू का?’ एवढेच विचारावे. उपचारासाठी एकदा कुत्रा घराबाहेर पडला आणि डॉक्टरांनी स्थिती लेखी मांडली की पुढचा संवाद निराळ्या पातळीवर होतो. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाचे, म्हणजे आपल्या बैलघोडा हॉस्पिटलचे नाव काढले की जुन्या मुंबईकरांचा विरोध बराच मावळतो, असे मी पाहिले आहे. ते चालवणारी प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्था १८७४ पासूनची आहे आणि तक्रार लेखी स्वरूपात तिच्याकडेही द्यावी.

ते द्यायला तयार झाले तर त्याच बैठकीत हस्तांतरणपत्र लिहून घ्यावे. त्यात कुत्र्याचे वर्णन, तो स्वेच्छेने व कायमचा देत असल्याचे वाक्य, तारीख, दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार असावेत, लसीकरणाचे कार्ड आणि महापालिकेचा परवाना असल्यास तेही मागून घ्यावे. तोंडी ‘घेऊन जा’ यावर विसंबून राहू नये. कुत्रा गुटगुटीत झाल्यावर तो परत मागायला आलेले मालक आम्ही पाहिले आहेत.

आणि पुढचे घर आधी ठरवावे. वयस्क लॅब्रॉडॉरला घर मिळण्यास वेळ लागतो, आश्रयस्थाने भरलेली असतात. तात्पुरता सांभाळ करणारे कुटुंब हाताशी असेल तर ज्या संस्थेने तुम्हाला नकार दिला तीही मदतीला येण्याची शक्यता वाढते.

माजी सचिव

सोसायटीकडे तक्रार करताना शब्द जपून वापरावेत, एवढेच सुचवतो. ‘दुर्गंधी येते, कुत्रा हटवा’ असे लिहिले तर समिती मालकाला नोटीस देईल आणि तो एखाद्या रात्री कुत्र्याला रस्त्यावर सोडून मोकळा होईल. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालताही येत नाही. मागणी निवारा, स्वच्छता आणि उपचार यांची असावी, आणि उपाशी-तहानेला राहील अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हाही त्याच कलम ११ खाली गुन्हा आहे, हे पत्रात शेवटी नमूद करावे.

चौथा मजला

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिले याबद्दल मनापासून आभार. आजोबांसोबत रोज बागेत बसणारे एक काका दुसऱ्या विंगमध्ये राहतात. ते आज संध्याकाळी त्या घरी जाण्यास तयार झाले आहेत, आणि माझ्या मैत्रिणीने तात्पुरता सांभाळ करण्याचे कबूल केले आहे. अर्जही मी लिहून ठेवला आहे. पण पोलिस ठाण्याने तो पुन्हा परत दिला तर काय करावे? वकील नेमण्याइतका खर्च मला झेपणारा नाही.

काळा कोट

अर्ज हातात परत येण्याची वेळच येऊ देऊ नका. तो स्पीड पोस्टाने ठाण्याच्या वरिष्ठ पोलिस निरीक्षकांना पाठवा, प्रत परिमंडळाच्या पोलिस उपायुक्तांना ईमेलने द्या आणि त्यात डॉक्टरांचे लेखी मत जोडा. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराखाली अर्जावर काय कार्यवाही झाली ते विचारा, त्याला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. मात्र ब्रुनोला ३० दिवस थांबता येणार नाही, म्हणून त्या उत्तराची वाट न पाहता न्यायालयातील तक्रारीची तयारी चालू ठेवा. खर्चाची चिंता करू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठीचा अर्ज विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात करता येतो. सोबत ओळखपत्र, एनसीची किंवा टपालाची पावती आणि छायाचित्रांच्या तारीखवार छापील प्रती न्याव्यात. आज काकांच्या भेटीत काय ठरते ते इथे कळवा, त्यावरून न्यायालयातील तक्रारीचा मसुदा कसा असावा ते सांगतो.