प्रतिसाद: छोट्या ऑपरेटरना फ्लाइट डेटा परवडतो
‘उड्डाणाची माहिती नोंदवणारा रेकॉर्डर महाग, छोट्या विमान ऑपरेटरना परवडत नाही’ असं इथे एकाने लिहिलं आहे; तो मुद्दा अर्धाच खरा आहे. गार्मिन जी१००० (कॉकपिटमधली डिजिटल पडद्यांची उपकरण-प्रणाली) असलेल्या विमानात एसडी कार्ड घातलं की वेग, उंची, इंजिनाची तापमानं दर सेकंदाला नोंदली जातात. कार्ड दर आठवड्याला उतरवून घ्या. महिनोन्महिने तसंच राहिलं, तर बिघडलेलं कार्ड कुणाच्या लक्षातही येत नाही. सुरुवातीला एकच गोष्ट तपासा: उतरताना जमिनीपासून ५०० फुटांवर वेग आणि खाली येण्याचा दर. हा दर मिनिटाला १,००० फुटांपेक्षा जास्त असेल तर ते उड्डाण वेगळं काढा. हार्ड लँडिंग (विमान धावपट्टीवर जोरात आदळणं) मात्र यावरून ठरवू नका, सेकंदाला एका नोंदीत धक्क्याचा क्षण सहज निसटतो. आणि कृपया, हा डेटा शिक्षेसाठी वापरणार नाही हे वैमानिकांना आधी लेखी द्या. नाहीतर कार्डं ‘हरवायला’ लागतात.