मदत हवी आहे : संगीत नाटकांच्या विंगेतले किस्से

मंडळी, 'संगीत सौभद्र'चा पहिला प्रयोग १८८२ सालचा. आमच्या गावच्या जत्रेत ते अजून होतं. यंदा प्रयोगाआधी दहा मिनिटं पडद्यामागच्या गमतीजमती सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

घरचा एकच किस्सा आहे. काका अर्जुन करायचे. यतिवेशात तान घेताना चिकटवलेल्या दाढीचा झुपका तोंडात गेला. तान तिथेच अडली. ऑर्गनवाल्याने तीच जागा तीनदा वाजवून वेळ निभावली, आणि लोकांनी वन्समोअर दिला! (काका शेवटपर्यंत तो आपल्या गळ्यालाच मिळाला असं सांगत.)

तुमच्या घरात कुणी नट, तबलजी, प्रॉम्प्टर होते का? ऐकीव चालतील, पण बालगंधर्वांच्या नावावर खपवलेले नकोत, ते सगळ्यांना पाठ आहेत. रविवारपर्यंत कळवाल का?