फणसाच्या आठळ्या (बिया) पावसाळाभर कशा टिकवायच्या? आणि पीठ कोणी केलंय का?

मृण्मयी_क
बरक्या (मऊ गऱ्यांच्या) फणसाची साठं, म्हणजे रस वाळवून केलेल्या पोळ्या, घालणं चाललंय, त्यामुळे घरात आठळ्यांचा ढीग झालाय. उकडून मीठ लावून खाणं आणि कधीतरी भाजी, एवढंच आमच्याकडे होतं. गणपतीपर्यंत टिकवायच्या असतील तर काय करावं? आणि पीठ करून चपात्या होतात का? एकही टाकवत नाही.

परसदार
आधी धुताना त्यांच्यावरचा बुळबुळीत पापुद्रा चोळून काढा, बुरशी तिथूनच धरते. मग घरातच पसरून वरचं पांढरं साल सुटं आणि खडखडीत होऊ द्या. कोकणात जुन्या घरांतून कोरड्या मातीत किंवा राखेत घोळवून ठेवायची पद्धत आहे. माती पूर्ण कोरडी हवी, ओल लागली की लगेच कोंब फुटतात. अधूनमधून चाळवून मऊ पडलेल्या काढत जा.

सुगरण_रत्नागिरी
माती-राख जमत नसेल तर उकडा, पांढरं साल काढा आणि फ्रीजरमध्ये टाका. तपकिरी साल राहू द्या, ते खाता येतं.

भाजीच्या पलीकडे जायचं तर अळू कराच. पण आठळ्या आधी पूर्ण शिजवून घ्या आणि चिंच किंवा आमसूल शेवटी घाला. आंबट आधी पडलं की आठळी कितीही उकळली तरी दडस राहते, दाताखाली कचकचते. नीट शिजलेली आठळी बोटाने दाबली की पिठूळ फुटते, आणि रस्साही तिच्यामुळे छान मिळून येतो. टाकळ्याच्या भाजीतही सुरेख लागतात. मासे खात असाल तर सोडे (सुकी कोळंबी) घातलेल्या आठळ्या माझ्या मते सगळ्यांत वरचढ!

निखारा
चुलीत भाजणार असाल तर प्रत्येकीला चीर द्या, नाहीतर आत वाफ कोंडून फुटतात आणि निखारे उडतात. मुलं जवळ असली तर फारच जपा.

अन्नपूर्णा७
पिठाबद्दल: पातळ काप करून कडकडीत वाळवायचे आणि दळायचे. त्यात ग्लुटेन नसतं, त्यामुळे नुसत्या पिठाची चपाती लाटताना तुटते. कणकेत साधारण चौथा हिस्सा मिसळा. थालीपिठात आणि घावनात जास्त खुलतं. तपकिरी साल ठेवलंत तर पीठ काळपट दिसेल, चव बिघडत नाही.

कच्ची आठळी मात्र कुणीही खाऊ नये. प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक तिच्यात असतात, शिजवल्यावर ते बरेचसे निष्प्रभ होतात. कच्च्या कापांचं पीठही म्हणूनच पूर्ण भाजलं-शिजलं पाहिजे.

मृण्मयी_क
सगळ्यांचे मनापासून आभार! अर्ध्या राखेत, अर्ध्या फ्रीजरमध्ये. सासऱ्यांना वाताचा त्रास आहे, त्यांना चालतील का?

सुगरण_रत्नागिरी
थोड्याच द्या, चार-पाच. फोडणीत हिंग आणि लसूण सढळ घाला, आणि शक्यतो दुपारच्या जेवणात वाढा.