ऐरणकोट: २,००० ड्वार्फांचं खाणगाव गणितात बसतंय का?

नकाशेवाला

टेबलटॉप कॅम्पेनसाठी (टेबलाभोवती बसून खेळायच्या काल्पनिक भूमिका-खेळासाठी) ऐरणकोट नावाचं ड्वार्फांचं गाव मांडतोय. वस्ती २,०००. खाण चांदीची, म्हणजे खरं तर चांदीयुक्त शिशाच्या खनिजाची. जादू नावापुरती. बंदुकीची दारू नाही, वाफेचं इंजिन नाही. गाव डोंगराच्या पोटात. मुख्य दरवाजा खालच्या नदीपासून १८० मीटर वर, आणि खाणीचा तळ दरवाज्यापासून २६० मीटर खाली, म्हणजे नदीच्याही ८० मीटर खाली. दरवाज्याजवळून एक ओढा जातो. धान्य पाच दिवसांच्या वाटेवरून येतं. ड्वार्फांची उंची सव्वा मीटर.

खेळाडू आकडे विचारणारे आहेत, "ड्वार्फ आहेत, जमतं त्यांना" हे उत्तर चालत नाही. पाणी कसं काढायचं? माणूसबळ कुठे खर्च होईल? आणि गाव अडचणीत यायला ड्रॅगन सोडून पटेल असं कारण काय?

पाणाड्या

पाण्याचंच आधी बघू, कारण बाकी सगळं त्यावर अडतं.

खाणीत सेकंदाला ५ लिटर पाणी झिरपतं असं धरा. हे फार नाही. ते २६० मीटर उचलायला निव्वळ पावणेतेरा किलोवॅट शक्ती लागते. दिवसभर राबणारा माणूस साधारण ७५ वॅट देतो, त्यातले रहाट, दोर आणि गळतीत जाऊन ४५ उरतात. म्हणजे एका वेळी २८३ जण, तीन पाळ्यांत ८५०. तुमची जवळपास निम्मी वस्ती नुसतं पाणी उपसत बसेल. खनिज काढणार कोण?

म्हणून निचरा-बोगदा. नदीकाठच्या उतारावरून डोंगरात, खाणीच्या विहिरीपर्यंत, म्हणजे खाली उतरणाऱ्या उभ्या मार्गापर्यंत. तोंड पुराच्या रेषेच्या वर हवं, समजा नदीपासून ६ मीटर. नाहीतर पहिल्याच मोठ्या पुरात नदी आत येईल. उतार ३०० मीटरला १ मीटर. लांबी १,२०० मीटर धरली तर बोगदा विहिरीला नदीपातळीच्या १० मीटर वर भेटेल. आता पाणी दरवाज्यापर्यंत न्यायचंच नाही, फक्त ९० मीटर उचलून बोगद्यात ओतायचं. शिवाय भेगांमधलं पाणी वरच्या भागातच जास्त येतं. ५ पैकी ३ लिटर बोगद्याच्या पातळीच्या वरच पन्हळीत धरलं, तर उपसायचे २ लिटर उरले. तीन पाळ्यांचे मिळून १२० जण पुरतात. ८५० वरून १२०.

बोगदा खणायला वेळ किती? छिन्नी-हातोड्याने कठीण खडकात एका तोंडावर वर्षाला १५ मीटर धरा, पण हे माणसाच्या मापाच्या बोगद्याचं, १.८ बाय ०.८ मीटर. ड्वार्फांना १.४ बाय ०.६ पुरतो. खडक ४२ टक्के कमी फोडावा लागतो, वेग वर्षाला २५ मीटरवर जातो. ड्वार्फ खाणकामात सरस का, याचं हे उत्तर मला दाढी आणि बिअरपेक्षा जास्त पटतं. तुमच्या माणूस-खेळाडूंना मात्र सव्वा किलोमीटर कंबरेत वाकून जावं लागेल, भाले आडवे धरून.

तरी एका तोंडाने ४८ वर्षं. उपाय जुना आहे: वरून हवाविहिरी पाडायच्या आणि प्रत्येक विहिरीच्या तळातून दोन्ही बाजूंना खणायचं. औरंगाबादची (आताचं छत्रपती संभाजीनगर) मलिक अंबरच्या काळातली नहर-ए-अंबरी बघितली असेल तर चित्र डोळ्यांपुढे येईल. जमिनीखालून पाण्याची वाट आणि वर ओळीने उभे हवेचे उच्छ्वास. तुमच्याकडे डोंगर चढत जातो, म्हणून विहिरी फक्त तोंडाकडच्या पहिल्या ५०० मीटरांत परवडतील. तीन विहिरींची सहा तोंडं, एक नदीकडचं, एक खाणीकडचं, अशी आठ. पण आतल्या अर्ध्याहून जास्त लांबीत विहीर नाही, तिथे दोनच तोंडं समोरासमोर चालतात. ७०० मीटर, दोन तोंडं, वर्षाला ५० मीटर: १४ वर्षं. म्हणजे पूर्ण काम विहिरी धरून १६-१७ वर्षांचं.

दोन गोष्टी इथे हमखास चुकतात. नदीकडून चढत खणणाऱ्या तोंडाचं पाणी आपोआप बाहेर जातं, उलट उतरत खणणाऱ्या तोंडाशी ते साचतं; तिथे खणणारे दोन तर उपसणारे तीन. दुसरं म्हणजे समोरासमोरची तोंडं नेमकी भेटत नाहीत. ओळंबा, दोरी आणि पाण्याची पातळी एवढ्यावर मोजणी असेल तर मीटरभराची चूक सहज. नकाशावर बोगद्याला एक तिरकी मुरड द्या आणि तिथे जमिनीला छोटी पायरी. जाणत्या खेळाडूला ती बघूनच कळेल की इथे दोन टोळ्या भेटल्या.

मुर्दाडशिंग

पाणी झालं, आता धातू आणि सरपण. नावावरून (मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचं ऑक्साइड) कळलंच असेल मला कुठला भाग आवडतो.

वस्तीतले २०० जण प्रत्यक्ष खडकाशी धरा. माणशी वर्षाला ४० टन फोडले तर ८,००० टन, त्यात कामाचं खनिज ५,००० टन, त्यात ५ टक्के शिसं: २५० टन. शिशाच्या टनामागे दीड किलो चांदी धरली तर वर्षाला ३७५ किलो.

आता जेवण. माणशी रोज ६०० ग्रॅम धान्य, वर्षाला जवळपास ४४० टन. तुमच्या जगात एक ग्रॅम चांदीला दीड किलो धान्य असा भाव ठेवलात, तर २९३ किलो चांदी नुसती पोटात गेली. लोखंड, चरबी, चामडं, दोर यांना ८२ किलो उरली. चांदीचं गाव श्रीमंत असतं हा समज इथेच मोडतो. शिसं विकलं तरच गाव तरतं, आणि शिसं जड, वाहतुकीला महाग.

वाहतूक लमाणांच्या तांड्यासारखी करा. पाठीवर ओझं घेतलेला बैल १०० किलो नेतो आणि वाटेत चरतो, त्यामुळे चाऱ्याचं ओझं वेगळं लागत नाही. रोज १२ बैल पोचायला हवेत. पाच दिवस यायला, पाच जायला, म्हणजे १२० बैल कायम वाटेवर, आजारी-लंगडे धरून १५०. घाट महिनाभर बंद पडला तर ३६ टनांची तूट. कोठार किमान तीन महिन्यांचं ठेवा, ११० टन.

भट्टीचं काम थोडक्यात. खनिज हाताने निवडायचं, कुटायचं, पाटाच्या पाण्यात धुवायचं. ५,००० टनांचं ५०० टन होतं. ते भाजून गंधक उडवायचं, कोळशाबरोबर वितळवून शिसं मिळवायचं. मग हाडांच्या राखेच्या उथळ मुशीत शिसं ९०० ते १,००० अंशांवर ठेवून वरून भात्याचा वारा मारायचा. शिशाचं मुर्दाडशिंग होतं, काही राखेत मुरतं, काही काठावरून काढून घेतात, आणि शेवटी चांदीचा गोळा चमकून उरतो. मुशीची राख ओली राहिली तर वाफेने शिसं उडतं. वारा कमी पडला तर चांदीत शिसं राहतं. मुर्दाडशिंग फेकू नका, कोळशाबरोबर परत तापवलं की शिसं परत मिळतं.

या भट्ट्या गावाच्या आत नकोत. शिशाचा धूर पोटशूळ, लुळे मनगट आणि मेंदूचे विकार देतो. दरवाज्याबाहेर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, आणि तिथलं गवत बैलांना चारू नका.

कोळसा ५०० टन लागेल. एका टनाला पाच ते सहा टन लाकूड, म्हणजे ३,००० टन. चुलींना आणखी १,१०० टन. तोडून पुन्हा फुटवा घेणारं जंगल हेक्टरी वर्षाला अडीच टन देतं असं धरलं तर १,६०० हेक्टर, १६ चौरस किलोमीटर. खांब आणि फळ्या वेगळ्याच. लोणाऱ्यांची (कोळसा पाडणाऱ्यांची) वस्ती नकाशावर नसेल तर तुमचं गाव पंधरा वर्षांत थंड पडेल. जंगलातल्या एल्फांशी भांडण कशावरून, हे वेगळं सांगायला नको.

राक्षस हवाच असेल तर जर्मनीतल्या खाणकामगारांचा घ्या. चांदीसारखं दिसणारं खनिज भट्टीत घातलं की चांदी नाही, वर आर्सेनिकचा विषारी धूर. त्यांनी दोष कोबोल्ड नावाच्या खोडकर भुताला दिला, आणि कोबाल्ट धातूचं नाव त्यावरूनच पडलं.

(एक सूचना. सह्याद्रीचा किल्ला डोळ्यांपुढे ठेवून खडक रंगवू नका. आपल्या बेसॉल्टमध्ये चांदीच्या शिरा नसतात. नीस किंवा शिस्ट, आणि त्यातून जवळपास उभी जाणारी पांढरी क्वार्ट्झची शीर दाखवा.)

नकाशेवाला

जबरदस्त. ओढ्यावर पाणचाक बसवून ते १२० जणही मोकळे करता येतील का? आणि खडक आगीने तापवून फोडतात ना, त्याने वेग वाढेल?

पाणाड्या

चाक जमतं. ओढ्यातून सेकंदाला ५० लिटर आत आणा, बोगद्याच्या पातळीच्या वरच एक दालन खोदा, १० मीटर व्यासाचं, वरून पाणी घेणारं चाक. ओढ्याची ताकद ४.९ किलोवॅट, चाक आणि पंपांतलं नुकसान वजा जाता १.९ उरते. तुमची गरज १.७७. म्हणजे जेमतेम. चाकाचं वापरलेलं पाणी त्याच निचरा-बोगद्यातून जाईल, तळाशी ४० सेंटिमीटर रुंद, ३० खोल पाट ठेवा.

पण एक पंप ९० मीटर ओढत नाही. ओढपंप सिद्धांताने १० मीटर, व्यवहारात ७. म्हणून एकावर एक १३ पंप, प्रत्येकाच्या डोक्याशी लाकडी टाकी, नळ्या पोखरलेल्या ओंडक्यांच्या. मधला एक बंद पडला की खालचे त्याची टाकी भरत राहतात आणि पाणी ओसंडून परत तळाला. दट्ट्याचं चामडं सगळ्यात आधी जातं, गाळात वाळू असेल तर आठवड्यातच.

तिरपा खांब

आगीबद्दल. वेग वाढतो, कारण क्वार्ट्झ ५७३ अंशांना एकदम फुगतं आणि खडकाच्या ढलप्या सुटतात. जर्मनीत रामेल्सबर्गच्या खाणीत ही पद्धत १९व्या शतकापर्यंत टिकली. पाणी ओतायची गरज नाही, अरुंद जागेत वाफेने माणसंच भाजतील. पण लाकूड फोडलेल्या खडकाच्या आकारमानाइतकं तरी धरा, १६ चौरस किलोमीटरचे २५ करा.

धुराचं नियोजन त्याहून महत्त्वाचं. आठवड्याच्या शेवटी सगळे बाहेर पडल्यावर पेटवायचं, दीड दिवस तसंच सोडायचं. आत जाताना दिवा पुढे, गुडघ्याखाली धरून. ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांवर आला की ज्योत विझते, माणूस अजून शुद्धीवर असतो, मागे फिरायला वेळ मिळतो. ओल्या, जुन्या खड्ड्यांत साचणारी जड हवा अशी कळते. आगीनंतरचा कार्बन मोनॉक्साइड दिव्याला कळत नाही, ज्योत छान जळते आणि माणूस बसल्या जागी झोपतो. हवेच्या दोन वाटा हव्यातच, एक आत येणारी, एक बाहेर जाणारी, आणि बाहेर जाणारीच्या तळाशी कायम शेगडी. पाणाड्यांनी सुचवलेला अरुंद बोगदा इथे अंगाशी येतो: खडक कमी, तशी हवाही कमी. मधे दारं घालून वारा हवा तिकडे वळवावा लागेल. दार उघडं ठेवणाऱ्याला दंड जबर ठेवा.

खांबांना पाइन किंवा स्प्रूस. ओक जास्त टिकतो, पण पाइन मोडण्याआधी करकरतो, ओक फारसं बोलत नाही. दमट उबेत मऊ लाकूड तीन ते पाच वर्षांत कुजतं, बदलणारी टोळी कायमची हवी. आणि खनिजाचे आधारस्तंभ कोरायला सुरुवात झाली की समजा शेवट जवळ आला. स्वीडनमधल्या फालुनच्या तांब्याच्या खाणीत १६८७ साली असंच पोखरत पोखरत मधल्या भिंतीच कोसळल्या. सणाची सुट्टी होती म्हणून आत कोणी नव्हतं.

नकाशेवाला

ठरलं. सुरुवात नवव्या पंपाचं चामडं फाटण्यापासून. कोठारात चामडं संपलंय, तांडा जाऊन यायला दहा दिवस. तळमजल्याचे बोगदे १,००० घनमीटर धरलेत.

पाणाड्या

२ लिटर म्हणजे दिवसाला १७३ घनमीटर. तळमजला सहाव्या दिवशी बुडाला. दहाव्या दिवशी वरच्या मजल्यात ७३० घनमीटर. आणि चामडं आणाल ते म्हशीचं, बसवण्याआधी रात्रभर चरबीत भिजवलेलं. कोरडं बसवलंत तर पहिल्याच पाळीत दुमडेल.