जाळीच्या गॉगलमधून स्पष्ट दिसण्यासाठी

एअरसॉफ्ट (नकली बंदुकांनी प्लास्टिकच्या छोट्या गोळ्या झाडण्याचा खेळ) खेळताना डोळ्यांच्या संरक्षणासाठी काचेऐवजी जाळी असलेला गॉगल घालतात. त्यातून समोरचे धूसर दिसते म्हणून जाळीची छिद्रे मोठी करावीत, अशी एक सूचना केली जाते; ती कृपया कोणीही अमलात आणू नये. एअरसॉफ्टची गोळी साधारण ६ मिमी व्यासाची असली, तरी ती कठीण पृष्ठभागावर आपटून फुटू शकते आणि तिचे बारीक तुकडे मूळ छिद्रांतूनही डोळ्यापर्यंत पोहोचू शकतात. खरा अडथळा बहुधा जाळीच्या आतल्या बाजूवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा असतो, आणि आपल्या मराठवाड्यातल्या उन्हात, विशेषतः सूर्य पाठीमागे असताना, तो फार जाणवतो. म्हणून आतली बाजू चकाकी नसलेल्या काळ्या रंगाने रंगवावी; मात्र हात अगदी पातळ द्यावा, बुजलेली छिद्रे रंग ओला असतानाच फुंकर मारून मोकळी करावीत आणि रंग पूर्ण वाळेपर्यंत गॉगल घालू नये.